गोषाआडची साक्ष : रहस्यकथेतील एकटी स्त्री आणि वऱ्हाडातले काही कागद

आमच्या लहानपणी अकोल्यात भाड्याने पुस्तके देणारी दोन-तीन दुकाने होती. बाबूराव अर्नाळकरांचे एक पुस्तक घेऊन सुताने बांधलेला पुठ्ठा सांभाळत घरी यायचे, रात्रीत संपवायचे आणि सकाळी परत करून दुसरे आणायचे, असा उन्हाळ्याच्या सुटीचा क्रम. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावे तोंडपाठ होती. पुढे गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. या सगळ्यांच्या गोष्टींत बायका पुष्कळ होत्या. कोणी घाबरलेली, कोणी फसवणारी, कोणी मरून पडलेली. झुंजारची विजया तर हुशार आणि धीट, पण तीही झुंजारची बायको म्हणूनच. मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेल्या शोधकर्त्यांच्या यादीत बाईचे नाव नाही. तेव्हा ते खटकले नाही. खटकले ते साठी उलटल्यावर, अमरावतीत राहायला आल्यावर, नातीने वाचायला दिलेल्या एका इंग्रजी कादंबरीमुळे.

कादंबरी सुजाता मॅसी यांची, ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (2018). लेखिका जन्माने इंग्लंडची, वडील भारतीय, आई जर्मन, वाढली आणि राहते अमेरिकेत. तिने कथा रचली आहे 1921 च्या मुंबईत. नायिका पर्वीन मिस्त्री ही पारशी तरुणी, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली, फोर्टातल्या वडिलांच्या कचेरीत सॉलिसिटर. ओमर फरीद नावाचा गिरणीमालक वारतो. त्याच्या तिन्ही विधवा मलबार हिलच्या बंगल्यात गोषात राहतात. तिघींनीही आपला मेहेर सोडून तो वक्फाला द्यायचे ठरवले आहे, असे पत्र कचेरीत येते. पत्रावरच्या सह्या पाहून पर्वीनला शंका येते. बंगल्याचा कारभार पाहणाऱ्या मुकरीकडून नीट उत्तर मिळत नाही. मग ती स्वतः जाते, जाळीच्या अलीकडे-पलीकडे बसून एकेकीशी बोलते. तेवढ्यात त्याच घरात खून होतो. पुढचे सांगत नाही. न वाचलेल्यांचा आनंद घालवणे बरे नव्हे.

या मालिकेतली पुढची पुस्तके म्हणजे ‘द सातापूर मूनस्टोन’ (2019), ‘द बॉम्बे प्रिन्स’ (2021) आणि ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस’ (2023). पहिल्या कादंबरीला अमेरिकेत रहस्यकथांसाठीचे मेरी हिगिन्स क्लार्क पारितोषिक मिळाले. पण पारितोषिकांपेक्षा मला त्या सह्यांचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. का, ते शेवटी येईल.

इंग्रजी रहस्यकथेत एकटी, बिनलग्नाची बाई शोधकर्ती म्हणून येणे नवे नाही. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1930 साली ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’मधून कादंबरीत आली. विणकाम करणारी, बागेत वाकून काम करणारी म्हातारी. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, हेच तिचे हत्यार. गावातल्या सगळ्या घरांत तिला चहाला बोलावतात आणि कोणीही तिच्यासमोर बोलताना आवाज खाली करत नाही. पण हे पात्र जसेच्या तसे उचलून आपल्याकडे आणता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातल्या हिंदू घरात पस्तिशीची अविवाहित स्त्री भेटणेच कठीण. मिशनबंगल्यांतल्या गोऱ्या ‘मिसा’ सोडल्या, तर एकटी बाई म्हणजे एक तर विधवा, नाही तर टाकलेली. मिस मार्पलची खुर्ची आपल्याकडे माजघरातल्या सोवळ्या आत्याबाईकडे जाते. तिलाही सगळे ऐकू येते आणि तिच्यासमोरही कोणी आवाज खाली करत नाही, पण तिला चहाला कोणी बोलावत नाही. शुभकार्यात तर ती समोरच नको असते. तिला कळलेले तिच्यापाशीच राहते, कारण विचारायला कोणी येत नाही.

मॅसीबाईंनी ही अडचण ओळखली आहे, आणि माझ्या मते त्यांचे खरे कौशल्य इथेच आहे. पर्वीन जगाच्या दृष्टीने अविवाहित आहे. आईवडिलांकडे राहते, माहेरचे नाव लावते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती लग्नाची बायको आहे. कलकत्त्याच्या सायरस सोडावालाशी तिचे लग्न झाले. सासरी मासिक पाळीच्या दिवसांत कोंडून ठेवण्याची जुनी रीत तिच्या वाट्याला आली, नवऱ्याचे वेश्यांकडे जाणे उघड झाले, मारहाण झाली आणि ती परत आली. पण 1865 च्या पारशी विवाह कायद्यात नवऱ्याचे वेश्यागमन हे बायकोला घटस्फोटाचे कारण धरलेलेच नव्हते. तिला न्यायालयाकडून वेगळे राहण्याची परवानगी मिळते, सुटका मिळत नाही. म्हणजे ती ना कुमारी, ना सौभाग्यवती, ना विधवा. समाजाने बाईसाठी केलेल्या तिन्ही रकान्यांच्या बाहेरची. वाचताना मला सारखी रखमाबाईंची आठवण येत होती. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल पुढे फिरला. 1887 साली नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे त्यांना सांगण्यात आले. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, 1888 साली दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि नंतर त्या डॉक्टर झाल्या. पर्वीनच्या प्रकरणात कादंबरीकाराची कल्पना कमी आणि कायद्याचे पुस्तक जास्त आहे. ते अवगुण म्हणून सांगत नाही.

पर्वीनमागचे उघड नाव कॉर्नेलिया सोराबजी. (दुसरे नाव मिठण टाटा, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री वकील.) कॉर्नेलियाबाईंचा जन्म 1866 साली नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेतल्या यशामुळे इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊनही हातात पदवी नाही, कारण तिथे बायकांना पदव्या 1920 पर्यंत देतच नसत. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्या गोषातल्या स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार झाल्या. वीस वर्षांत सहाशेच्या आसपास स्त्रिया आणि पोरकी मुले यांची कामे त्यांनी पाहिल्याचे सांगतात. पालखीतून, हत्तीवरून, होडीतून जायचे आणि ज्या दारापाशी पुरुष वकील अडतो ते दार ओलांडायचे. कोर्टात उभे राहण्याचा हक्क मात्र 1923 चा कायदा होईपर्यंत नाही. त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या.

पर्वीनला ‘हौशी’ शोधकर्ती म्हणायचे की नाही, याचे उत्तर इथे मिळते. पोलीस खात्यात ती नाही आणि खासगी गुप्तहेरही नाही. ती पेशाने वकील आहे, पण तिचा पेशा अर्धाच मानला गेला आहे. कागद तपासता येतात, सल्ला देता येतो, न्यायाधीशासमोर तोंड उघडता येत नाही. जे कळले ते कोर्टात सांगता येत नाही म्हणून ती घराघरांत फिरून ते सिद्ध करत बसते. तिची हौस ही मनाई केल्यामुळे आलेली हौस आहे. शेरलॉक होम्सला पोलिसांत जायचे नव्हते म्हणून तो बाहेर राहिला. इथे बाहेर ठेवले गेले आहे. या फरकामुळे मालिकेतल्या तपासाला वेगळे वजन येते.

आणखी एक गोष्ट. पुरुष गुप्तहेर पायाचे ठसे, सिगारेटची राख, बुटाचा चिखल पाहतो. त्याचा पुरावा घराबाहेर सुरू होतो. बाईला घरात येऊ देतात, म्हणून तिचा पुरावा घरात सुरू होतो. कोणाचे ताट आधी वाढले, कोणाच्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, मोलकरणीने अचानक काम का सोडले, ही तिची राख आणि हा तिचा चिखल. मुंबईच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी एका खुनाच्या तपासासाठी संशयितेच्या घरात सहा महिने मोलकरीण म्हणून काम केल्याची हकीगत त्यांनी मुलाखतींत सांगितली आहे. झुंजारला ते कसे जमले असते?

आता दोष. मॅसीबाई समजावून फार सांगतात. पारशी लग्नविधी, इराणी हॉटेल, धान्साक, फोर्टातल्या गल्ल्या, प्रत्येक गोष्टीपाशी त्या परदेशी वाचकासाठी थांबतात. आपल्याला ते प्रवासी वाटाड्याच्या पाटीसारखे वाटते. ‘द सातापूर मूनस्टोन’मध्ये हे अधिकच जाणवते. कथा सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानातली, कोल्हापूर एजन्सीच्या अखत्यारीतली. महाराज पटकीने गेलेले, थोरला राजपुत्र शिकारीत गेलेला, धाकट्याच्या शिक्षणावरून आजी आणि आई यांच्यात भांडण. दोघीही गोषात, म्हणून सरकार पर्वीनला पाठवते. बीज झकास आहे. पण माणसे मराठी बोलतात असे नुसते सांगितले जाते, ते ऐकू येत नाही. मराठा दरबारचा गोषा हा बंगालच्या जनानखान्याची नक्कल होऊन येतो. मराठा घराण्यांत गोषा होता, तसाच गोषातून राज्यकारभार करणाऱ्या बायकांचा इतिहासही होता. सातापूरच्या महालात तो इतिहास कुणालाच आठवत नाही. शिवाय जंगल, पाऊस, पालखी यांचा जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतला वास येतो. नावच विल्की कॉलिन्सच्या 1868 च्या ‘मूनस्टोन’कडे बोट दाखवते, तेव्हा ते जाणूनबुजून असावे. तरी तिथे लेखिका कथेवर स्वार होण्याऐवजी कथेच्या मागे फरफटत गेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पर्वीन फारच आपल्या काळाची आहे. काँग्रेसबद्दल तिला सहानुभूती आहे, ऑक्सफर्डची जिवलग मैत्रीण अ‍ॅलिस हिचे स्त्रियांवरचे प्रेम ती समजून घेते, जातिधर्माच्या भिंती तिला बोचतात. आजच्या वाचकाला ती लगेच आवडते. खरी कॉर्नेलिया सोराबजी अशी सोपी नव्हती. ती साम्राज्याची पक्की समर्थक, गांधींच्या चळवळीची विरोधक होती. 1927 साली कॅथरिन मेयोचे ‘मदर इंडिया’ आले, देशभर संतापाची लाट उठली, तेव्हा या बाई मेयोच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि आपल्याच माणसांत एकट्या पडल्या. ज्या बाईने शेकडो गोषातल्या बायकांची इस्टेट वाचवली तिने राज्यकर्त्यांचीही पाठराखण केली. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात, हे खरे रहस्य होते. कादंबरीने ते सोडवले नाही, बाजूला ठेवले. ऐतिहासिक रहस्यकथेला खून सोडवता येतो, माणूस सोडवणे तिला परवडत नाही, असे कोणी म्हणेल. मला ती सबब वाटते.

एवढे वाचून झाल्यावर साहजिकच मनात आले की ही कथा वऱ्हाडात घडती तर? आणि शोधू लागल्यावर दिसले की आपल्या मातीत प्रश्न विचारणाऱ्या एकट्या बायकांची परंपरा मुंबईपेक्षा जुनी आहे.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर घ्या. तिथे म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्या-ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे तो गेला, ऐकले, ताडून पाहिले, जिथे दोघांची सांगी जुळेना तिथे दोन्ही नोंदवल्या. तेराव्या शतकातले हे साक्षी-पुराव्याचे काम आजच्या पंचनाम्यांनी धडा घ्यावा असे आहे. आणि या साक्षीदारांत ठळक आहे ती महदाइसा, बालविधवा, मराठीतली आद्य कवयित्री. ती सतत काहीतरी विचारत असते, अशी तिच्याविषयीची नोंद खुद्द चक्रधरांच्या तोंडी आहे. तक्रारीची नव्हे, कौतुकाची. विधवेच्या चौकसपणाचे कौतुक झाल्याचे मराठीतले हे फार जुने उदाहरण असावे.

मग मधली शतके ओलांडून बुलढाण्याला या. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. 1881 साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, वरच्या कोर्टात ती काळ्या पाण्यावर आली, पुढे आणखी कमी होऊन पाच वर्षांवर. वर्तमानपत्रे विधवांच्या नीतीवर तुटून पडली. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी त्यावर ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, 1882 साली पुण्यात छापली. हा ग्रंथ आपण स्त्रीवादाचा आद्य ग्रंथ म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. मी तो रहस्यकथेचा वाचक म्हणून पुन्हा वाचला, तेव्हा वेगळेच दिसले. एक गुन्हा झाला आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई आहे. पोलीस, न्यायाधीश, संपादक यांचे समाधान झाले आहे. आणि शेकडो मैल दूर, कोर्टाशी काही संबंध नसलेली एक बाई म्हणते, थांबा, ज्यांनी हिला इथवर आणले ते कुठे आहेत? चांगल्या रहस्यकथेतला शोधकर्ता नेमके हेच करतो. सर्वांचे समाधान झाले की तो अस्वस्थ होतो. ताराबाईंना त्या वेळी शिव्याच मिळाल्या. बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये. नंतर पुस्तक विस्मरणात गेले ते स. गं. मालशे यांनी 1975 साली पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत.

तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या वाशिमला जन्मलेल्या गीता साने यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. कादंबरीकार म्हणून त्या ठाऊक आहेत, पण ‘चंबळची दस्युभूमी’ हे त्यांचे पुस्तक म्हणजे डाकूंच्या मुलखात जाऊन, लोकांना भेटून केलेला शोध आहे. त्यावर कोणीतरी स्वतंत्र लिहावे.

कादंबरीला लागणारा काळ तर वऱ्हाडात तयारच पडला आहे. 1853 च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेलेला पण नावाने निजामाचाच राहिलेला मुलूख, म्हणजे मालक एक आणि कारभारी दुसरा. कापसाचा पैसा, जिनिंगचे भोंगे, अडत्यांच्या गाद्या, देशमुखांचे वाडे आणि त्यांतला गोषा. डिसेंबर 1897 ची अमरावती डोळ्यांसमोर आणा. दुष्काळाचे वर्ष सरते आहे, पुण्यात रँडचा खून होऊन सहा महिने झालेत, टिळक तुरुंगात आहेत, आणि सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरते आहे. दादासाहेब खापर्डे धावपळीत आहेत. गावात देशभरचे पाहुणे आणि त्यांच्यामागे सरकारी हेर. अशा वेळी एखाद्या वाड्याच्या माजघरात काही घडले, तर ढेलजेच्या आत कोणता फौजदार जाणार? आत जाईल ती सुईण, किंवा मिशनची डॉक्टरीण, किंवा आधीच आत असलेली सोवळी आत्या. मराठी ऐतिहासिक कादंबरीने किल्ले पुष्कळ जिंकले. ही ढेलज अजून ओलांडायची आहे.

सह्यांविषयी सांगायचे राहिले. माझ्या आजीची धाकटी बहीण बालविधवा होती. अकोला जिल्ह्यातल्या एका गावात, सासरच्या वाड्यात तिने आयुष्य काढले. आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. आमच्याकडच्या पत्र्याच्या पेटीत 1938 सालचा एक मोडी कागद आहे. त्यात ती वाड्यातला आणि शेतातला आपला सगळा हक्क दिरांच्या नावे राजीखुशीने सोडून देते. साल लक्षात घ्या. 1937 साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला होता आणि विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळू लागला होता. शेतजमिनीला तो लागू नाही, हे फेडरल कोर्टाने सांगायला 1941 उजाडावे लागले. 1938 साली ते कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे दिरांना घाई होती आणि घाईचे कारणही होते.

ही कादंबरी वाचून झाल्यावर मी तो कागद मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून अमरावतीत नीट वाचून घेतला. शेवटी साक्षीदारांची दोन नावे, आणि मावशीआजीच्या नावापुढे डाव्या अंगठ्याची निशाणी. आई तेव्हा नव्वदीला टेकली होती. तिला मी सहज सांगितले की खाली अंगठा आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अंगठा कायले देईन थे? थे तं सई करे. मले बाराखडी तिनंच तं शिकवली.”

मावशीआजीच्या हातची ओव्यांची वही आमच्याकडे आहे. पहिल्या पानावर तिने बोरूने आपले नाव घातले आहे, सासरच्या आडनावासकट, आणि त्याखाली साल, 1931.